लोकलच्या रुळालगतची वस्ती महाग होते, तेव्हा जुनी माणसं कुठे जातात?

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. आणि याच दहा वर्षांत परळ, लोअर परळ, वरळी, महालक्ष्मी, लालबाग या पट्ट्यात एकामागून एक टॉवर उठत होते. मजले वाढले, फ्लॅट वाढले, माणसं मात्र घटली. त्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होतं) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

ठाण्यात वाढलेली सगळी माणसं मुंबईतून गेलेली नाहीत, गावाकडून थेट तिथे आलेलीही पुष्कळ आहेत. पण लालबाग-परळच्या कुठल्याही जुन्या चाळीतल्या माणसाला विचारा, "तुमच्या मजल्यावरची बाकीची बिऱ्हाडं कुठे गेली?" उत्तरात स्टेशनांचीच नावं येतात. विरार, नालासोपारा, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, बदलापूर. कोणी मुंबई सोडून नाशिकला किंवा पुण्याला गेलं असं क्वचित ऐकू येतं. माणसं त्याच रुळावरून पुढे सरकलेली असतात.

या प्रकाराला जगभर जेन्ट्रिफिकेशन म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना हा शब्द पहिल्यांदा वापरला. इस्लिंग्टनसारख्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्गीय कुटुंबं जुनी घरं घेऊन दुरुस्त करू लागली, भाडी चढली आणि काही वर्षांत मूळचे कामगार तिथे राहिले नाहीत. लंडनमध्ये हे घराघराने झालं. मुंबईत ते गिरणीगिरणीने आणि चाळीचाळीने झालं, त्यामुळे त्याची रीतही वेगळी आहे. इथे घरमालक दारात उभा राहून भाडं दुप्पट करत नाही. कायद्याने भाडेकरूला चांगलं संरक्षण आहे. तरीही माणसं जातात. का जातात, ते नीट समजून घ्यायला हवं.

दोन रुळांच्या मधला पट्टा

मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे दादरला एकमेकींना भेटतात आणि तिथून दक्षिणेला जवळजवळ हातात हात घालून उतरतात. पश्चिमेचं प्रभादेवी (पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड) आणि मध्यचं परळ ही दोन स्टेशनं एका पुलाने जोडलेली आहेत. लोअर परळहून करी रोड चालत काही मिनिटांवर. महालक्ष्मीच्या पूर्वेला चिंचपोकळी. आणखी थोडं पूर्वेला गेलं की हार्बरचं कॉटन ग्रीन आणि शिवडी. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे त्याच्या वर्षभर आधी, १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली होती. गिरण्या आणि रेल्वे अशा बरोबरीने वाढल्या आणि त्यांच्या आजूबाजूला गिरणगाव वसलं.

गंमत अशी की गिरणी कामगाराला स्वतःला लोकलची फारशी गरज नव्हती. भोंगा झाला की तो चाळीतून पायी गिरणीत जायचा. तीन पाळ्या असल्याने एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या गावाच्या मंडळाची खोली असायची. त्या खोलीत गावातले वीस-तीस पुरुष आपापली ट्रंक ठेवून राहायचे आणि जेवायला खानावळीत जायचे. खानावळ चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको असायची. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

हा तपशील मी मुद्दाम देतोय. गिरणगावात यायला भांडवल लागत नव्हतं. गावचा माणूस हवा, एक ट्रंक हवी, पुरे. आज जी दारं बंद झाली त्यात हे पहिलं.

आता याच पट्ट्याकडे ऑफिस काढणाऱ्याच्या नजरेने पाहा. विरारहून येणारा कर्मचारी लोअर परळला उतरू शकतो आणि कर्जत-कसाऱ्याहून येणारा करी रोड किंवा परळला. मुंबईत दोन्ही मोठ्या मार्गांवरून, गाडी न बदलता, चालत पोचता येईल अशी मोकळी जमीन दुसरीकडे कुठे होती? नरीमन पॉइंट टोकाला आणि भरलेलं. गिरणगावची किंमत ही अशी रुळांतून आली होती. ती कोणाला दिसत नव्हती, कारण वर गिरण्या चालू होत्या.

जमिनीचं आजचं भाडं आणि उद्याचं भाडं

भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये एक साधी कल्पना मांडली. एखादी जमीन आज जे उत्पन्न देते आणि तीच जमीन तिच्या जागेच्या जोरावर जे उत्पन्न देऊ शकेल, या दोन आकड्यांत फरक असतो. हा फरक थोडा असेल तोवर कोणी हात लावत नाही. तो फार वाढला की पैसा तिकडे धावतो. वस्ती पालटण्याचं मूळ लोकांच्या आवडीनिवडीत कमी आणि या फरकात जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं.

गिरणगावात हा फरक दोन्ही बाजूंनी वाढत गेला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्या नाहीत, मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घातला नाही. मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. कापडातून येणारं उत्पन्न घसरत होतं आणि १९९१ नंतर जागांचे भाव भडकत होते.

चाळींचंही तेच. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी हे गरजेचं होतं, नाहीतर लाखो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण पुढे दशकानुदशकं भाडं तेच राहिलं, मालकाने दुरुस्ती सोडून दिली, जिने खिळखिळे झाले, आणि पावसाळा आला की म्हाडाच्या नोटिसा लागू लागल्या. महिन्याला शंभर-दोनशे रुपये भाडं देणाऱ्या खोल्यांच्या खाली कोट्यवधींची जमीन होती. भाडेकरूला कायद्याने वाचवलं. त्याच्या डोक्यावरच्या छपराला मात्र वाचवणारं कोणी नव्हतं.

गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं, याचा नियम १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आला. नियम ५८. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन भाग करा. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला एक तृतीयांश मालकाला. कागदावर हा नियम फार चांगला होता. तो तसाच राबवला असता तर आज परळमध्ये मैदानं असती आणि कामगारांची घरं टॉवरच्या शेजारी असती. २००१ मध्ये राज्य सरकारने त्यात बदल केला. वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे जिथे आधीचं बांधकाम नाही तेवढ्याचीच करायची. गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? शेड, चिमणी, गोदामं, सगळं बांधकामच. शहराचा आणि कामगारांचा वाटा एकदम आक्रसला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला, पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती कायम ठेवली.

माझ्या मते गिरणगावचं भवितव्य संपात जेवढं ठरलं तेवढंच या एका ओळीच्या दुरुस्तीत ठरलं. संपाबद्दल सगळे बोलतात, या दुरुस्तीबद्दल फार थोडे. या जमिनीला भाव किती होता, याचा अंदाज सरकारी गिरण्या ताब्यात असलेल्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २००५ मधल्या लिलावातून येतो. लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल, साधारण १७ एकर, ७०२ कोटी रुपयांना गेली.

घर फुकट मिळतं, तरी कुटुंब का जातं?

आता चाळींकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. "चाळवाल्यांना फुकट टॉवरमध्ये घरं मिळाली, मग तक्रार कसली?" हा प्रश्न नेहमी ऐकू येतो.

पुनर्विकासाचं गणित असं चालतं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतीतल्या निम्म्याहून जास्त रहिवाशांनी संमती दिली की बिल्डर ती पाडून नवी बांधू शकतो. भाडेकरूंना मालकी हक्काचं घर मोफत, किमान ३०० चौरस फुटांचं. योजनेप्रमाणे त्याहून थोडं मोठंही मिळतं. बदल्यात बिल्डरला जादा बांधकामाची परवानगी मिळते. तो त्याच प्लॉटवर दुसरा, उंच टॉवर बांधतो आणि विकतो. म्हणून एकाच आवारात दोन इमारती दिसतात. पुनर्वसनाची आणि विक्रीची. फाटकं बहुधा वेगळी, पार्किंग वेगळं, बाग विक्रीच्या इमारतीच्या बाजूला.

इमारत पाडल्यावर नवी उभी राहीपर्यंत भाडेकरू बाहेर राहतो आणि बिल्डर त्याला महिन्याचं भाडं देतो. ते भाडं लालबागमध्ये पुरत नाही, म्हणून कुटुंब तात्पुरतं डोंबिवलीला जातं. मुलांची शाळा तिकडे सुरू होते. काम तीन वर्षांऐवजी आठ वर्षं चालतं. मुलगा दहावी तिकडेच होतो, मग परत कशाला यायचं? काही ठिकाणी तर भाडं मधेच बंद होतं. गोरेगावच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं अशी दीड दशकाहून जास्त काळ घराबाहेर राहिली.

समजा सगळं सुरळीत झालं, चावी मिळाली. पूर्वी भाडं शंभर-दोनशे होतं, आता मेंटेनन्स हजारांत येतो. लिफ्ट, पाण्याचे पंप, वॉचमन, आग विझवण्याची यंत्रणा, जिन्यातले दिवे. बिल्डर कॉर्पस म्हणून एक रक्कम सोसायटीच्या नावे ठेवतो आणि तिच्या व्याजातून खर्च भागेल असं सांगितलं जातं. पहिली काही वर्षं भागतोही. मग लिफ्टची दुरुस्ती निघते, व्याजदर उतरतात, आणि दर महिन्याला प्रत्येक घराकडून जास्त पैसे मागावे लागतात. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करात सूट आहे, तो खरा दिलासा आहे. पण निवृत्तिवेतन नसलेल्या, गिरणीतून हिशेब घेऊन घरी बसलेल्या माणसाला मेंटेनन्सही जड जातो.

तरीही माझ्या पाहण्यात मेंटेनन्समुळे घर विकणारे थोडे. घर विकायला लावते ती वाटणी.

गणित मांडून पाहू. वडिलांच्या नावावर चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. दोन भाऊ, एक बहीण. खोलीला किंमत नव्हती तोवर भांडण नव्हतं. मोठा माळ्यावर झोपायचा, धाकटा गॅलरीत, बहीण लग्न होऊन गेली. नवं घर समजा ४०० चौरस फुटांचं मिळालं आणि तिथला भाव समजा चौरस फुटाला ३० हजार. घराची किंमत झाली १ कोटी २० लाख. आता त्या घरात तिघांचा हक्क आहे. राहू तर एकच कुटुंब शकतं. जो राहील त्याने बाकी दोघांना ४०-४० लाख द्यायचे. सिक्युरिटी एजन्सीत किंवा कुरिअरच्या गोदामात काम करणारा माणूस ८० लाख कुठून आणणार? बँक त्याला एवढं कर्ज देत नाही. म्हणून घर विकलं जातं. चाळीस लाखांत बदलापूरला किंवा नालासोपाऱ्याला वन बीएचके येतो. तीन भावंडं तीन स्टेशनांवर जातात, आणि रिकाम्या झालेल्या घरात लोअर परळच्या ऑफिसात चांगल्या पगारावर काम करणारं जोडपं येतं.

या सगळ्यात कोणीही कोणाला हाकललेलं नाही. भावांनी भांडण केलेलं नाही, बहिणीने तिचा न्याय्य हक्क मागितला आहे, विकत घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजले आहेत. म्हणूनच हे विस्थापन कुठल्याही आकडेवारीत विस्थापन म्हणून येत नाही. ते खरेदीखत म्हणून नोंदलं जातं.

जे राहतात त्यांचंही आयुष्य बदलतं, आणि इथे जरा जवळून पाहायला हवं. चाळीची गॅलरी म्हणजे फक्त ये-जा करायची जागा नव्हती. सकाळी तिथे दात घासले जायचे, दुपारी तांदूळ निवडले जायचे, संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसायची. कामावर गेलेल्या बाईचं मूल शेजारच्या आजी येता-जाता बघायच्या, त्यासाठी पाळणाघराचे पैसे लागत नव्हते. कोणी आजारी पडलं तर दार बंद असल्यावरून लगेच कळायचं. टॉवरच्या मजल्यावर चार-सहा बंद दारं आणि मधे लिफ्टसमोर ट्यूबलाइटचा पॅसेज. शेजारी तेच आहेत, पण एक चौथ्यावर, एक अकराव्यावर. गुडघे दुखणारी आजी लिफ्ट बंद पडेल या धास्तीने खाली उतरत नाही. चाळीतल्या संडासाच्या रांगा, गळकी छपरं, पाण्याच्या भांडणांचं मला अजिबात कौतुक नाही. घरात संडास येणं हीच एक गोष्ट बायकांसाठी केवढी मोठी आहे. पण गॅलरीत जी कामं फुकट होत होती, ती आता विकत घ्यावी लागतात किंवा होतच नाहीत. हा खर्च पुनर्विकासाच्या कुठल्याच करारनाम्यात लिहिलेला नसतो.

महिन्याचा पास

हे सगळं होऊनही शहरात फार मोठा उद्रेक का झाला नाही? मला वाटतं, याचं उत्तर लोकलच्या पासात आहे.

सेकंड क्लासचा महिन्याचा पास जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या मानाने फार स्वस्त आहे. काही शे रुपयांत महिनाभर साठ-सत्तर किलोमीटर दूर राहून नोकरी करता येते. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते बदलापूर ६८. पास स्वस्त आहे म्हणून परळची नोकरी न सोडता परळचं घर सोडता येतं. रेल्वेने गरिबाला शहर सोडू दिलं नाही, हे तिचे उपकारच आहेत. पण त्याच पासामुळे घर दूर जाण्याची किंमत पैशांत दिसेनाशी झाली. ती वेळेत मोजावी लागते.

बदलापूरहून परळला यायला घर ते ऑफिस दोन तास धरा. जाऊन-येऊन चार. पूर्वी हाच माणूस पंधरा मिनिटांत पायी पोचत होता. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर नव्वदच्या आसपास तास गेले, म्हणजे आठ तासांच्या अकरा पाळ्या. त्याचा पगार कोणी देत नाही. बाईच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. पहाटे साडेचारला उठून डबे करायचे, संध्याकाळच्या गाडीत बसायला मिळालं तर मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडायची किंवा मेथी निवडायची. लेडीज डब्यातलं हे दृश्य फोटोत छान दिसतं. खरं तर घरातून हिरावलेला वेळ ती तिथे भरून काढत असते. आणि काहींना याहून फार जास्त मोजावं लागतं. मुंबईच्या लोकल मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं दगावतात. रूळ ओलांडताना, आणि दारात लटकत असताना पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लटकलेले प्रवासी पडले आणि त्यातल्या काहींचे जीव गेले, ते सगळे याच गर्दीतले.

उलट दिशेनेही पाहा. गिरणगावची स्टेशनं पायी येणाऱ्या कामगारांच्या काळातली. अरुंद जिने, छोटे पूल. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली आणि रोज सकाळी हजारो माणसं त्याच जिन्यांवर उतरू लागली. जमिनीच्या वरचं सगळं बदललं, स्टेशन तेच राहिलं. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पाऊस कोसळत असताना, एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. तिथे गर्दी होते, पूल रुंद करा, अशी मागणी प्रवासी कितीतरी आधीपासून करत होते. त्यानंतर लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. म्हणजे काही महिन्यांत होण्यासारखं ते काम होतं. त्याच वर्षी लोअर परळचा डिलाइल पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. टॉवरला परवानगी देणारं खातं वेगळं, रेल्वे वेगळी, रस्ते-पूल आणखी वेगळे. जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून पैसा कोट्यवधींनी निर्माण झाला. त्यातला किती स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोचला?

शेलू, वांगणी आणि गिरणी कामगारांची घरं

गिरणी कामगारांना म्हाडातर्फे घरं देण्याची पहिली सोडत जून २०१२ मध्ये निघाली. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेली २२५ चौरस फुटांची ६,९२५ घरं होती, किंमत साडेसात लाख. अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास. पुढे आणखी सोडती निघाल्या, पण १९९१ चा वाटा २००१ मध्ये आक्रसल्यामुळे गिरणगावात जागाच पुरेशी उरली नव्हती.

त्यातून शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव आला. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी, त्यापुढचं शेलू, मग नेरळ, जिथून माथेरानची गाडी सुटते. या दोन ठिकाणी हजारो घरं बांधून कामगारांना द्यायची, अशी योजना. ९ जुलै २०२५ ला कामगार आणि त्यांच्या वारसांनी आझाद मैदानात याविरुद्ध मोर्चा काढला. "घर मुंबईतच पाहिजे," ही त्यांची मागणी. बाहेरच्यांना ती हट्टाची वाटते. पण ज्या जमिनीवर आपल्या बापाने साचे चालवले, त्या जमिनीचा ठरलेला वाटा मागणारी ही माणसं आहेत. त्यातले कितीतरी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. केईएम आणि टाटा रुग्णालय परळला आहे. शेलूहून तिथे तपासणीला यायचं म्हणजे त्या वयात दिवस मोडतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी, एकूण २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. रहिवाशांना तिथल्या तिथे ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. जमीन सरकारची असली आणि सरकारने मनावर घेतलं तर माणसं जागेवर ठेवता येतात, एवढं यातून नक्की दिसतं. मेंटेनन्सचा आणि वाटणीचा प्रश्न तिथेही येणारच आहे. ५०० चौरस फुटांच्या घराची किंमत तर आणखी जास्त.

एका गोष्टीकडे मात्र फार थोड्या योजना पाहतात, ती म्हणजे भाड्याचं घर. जुन्या गिरणगावात जवळजवळ सगळेच भाड्याने राहत. नव्या बहुतेक योजना मालकीच्या घराच्या आहेत, आणि मालकीचं घर विकता येतं. मोठ्या प्लॉटवर काही घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम राज्यात आहे, पण तीही विक्रीचीच. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरात पालिकेच्या किंवा म्हाडाच्या मालकीची, परवडणाऱ्या भाड्याची, विकता न येणारी घरं ठेवली तर त्यांची वाटणी होणार नाही. गावाहून ट्रंक घेऊन येणाऱ्या पोराला पुन्हा शिरायला जागा मिळेल. मला या सगळ्या उपायांत हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ही लाट आता गिरणगावापुरती राहिलेली नाही. ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीत, कल्याणात १९७०-८० च्या इमारती पाडून टॉवर होतायत. परळहून जे डोंबिवलीला आले, त्यांच्या मुलांना डोंबिवलीत घर घेणं जमत नाही आणि ती टिटवाळ्याकडे, वांगणीकडे पाहतायत. तुमच्या इमारतीत पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या असतील तर चौरस फुटांवरून घासाघीस करण्याइतकाच वेळ पुढच्या गोष्टींना द्या. कॉर्पसची रक्कम आजच्या व्याजदराने महिन्याला किती देते आणि अंदाजे मेंटेनन्स किती येईल, हे आकडे लेखी मागा. बाहेर राहण्याचं भाडं पुढच्या तारखांच्या धनादेशांनी मिळणार की बँक हमीने, ते करारात घाला. विक्रीच्या इमारतीची सोसायटी वेगळी असेल तर बाग, पाण्याची टाकी आणि वाहनांचा रस्ता कोणाच्या ताब्यात राहील, ते नकाशावर पाहून घ्या. आणि भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर असेल, तर करारावर सह्या होण्याआधी, घराची किंमत कागदावर येण्याआधी, सगळी भावंडं एकदा एकत्र बसा आणि घर ठेवायचं असेल तर ते कोण ठेवणार, बाकीच्यांना काय आणि किती वर्षांत द्यायचं, हे वकिलाकडून लिहून घ्या.